सुरयच्या पिल्लांचं वजन

बाई,

गेल्या आठवड्यात माझ्या लेकीला मुलगी झाली. जावयाचा फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाबा, दोन किलो नऊशे." मुलगा की मुलगी, ते मला विचारावं लागलं. संध्याकाळपर्यंत तो आकडा आमच्या गावापर्यंत पोचला होता, आणि शेजारची माणसं जिन्यात थांबवून तो मलाच सांगत होती. मी हसत होतो. वजन करायला मला तुम्ही शिकवलंत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. या वर्षांत मनातल्या मनात तुम्हाला पुष्कळदा सांगून झालं, कागदावर कधी घेतलं नाही. आज घेतो. तुमचा प्रबंध तुमच्या चुकीने बुडाला नाही. तो माझ्यामुळे बुडाला.

मी कॉलेजात लागलो तेव्हा तेविसाचा होतो. गावच्या शाळेत शिकलेला, मुंबईत नवा, भांडुपच्या टेकडीवर चुलत्याच्या खोलीत राहणारा. काम तात्पुरतं होतं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेणाचे ट्रे धुवायचे, बरण्या पुसायच्या, बेडूक आणून द्यायचे. सगळे मला 'ए' म्हणून हाक मारत. तुम्ही तिथल्या प्राध्यापक, पण पहिल्याच दिवशी मला 'अहो' म्हणालात तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तुम्ही मला विचारलंत, चिखलात चालता येतं का. मी म्हटलं, येतं. पक्षी हातात धरता येईल का, दाबायचा नाही आणि सुटूही द्यायचा नाही. मी म्हटलं, कोंबडी धरतो तसा. तुम्ही हसलात आणि म्हणालात, कोंबडी नव्हे हो, साबणाच्या अर्ध्या वडीएवढा जीव आहे.

मुलुंडच्या पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे, खाडीपर्यंत मिठागरं पसरलेली. सकाळी सहाला आपण बांधावरून चालतो आहोत. तुमच्या डोक्याला पांढरा रुमाल, खांद्याला दुर्बीण, माझ्या डोक्यावर बांबू आणि चादर. मीठ ओढणाऱ्या आगरी बायका कामाला लागलेल्या असतात. एका जुन्या, मोडक्या बांधावर सुरय, पाण्यात सूर मारून मासे धरणारे ते लहानसे पांढरे पक्षी, घरटी करत. घरटी म्हणजे काय, मातीत टाचेने केल्यासारखा खळगा आणि त्यात दोन अंडी. मला आधी ती दिसलीच नाहीत, मी जवळजवळ पाय ठेवला होता. तुम्ही माझा दंड धरून मागे ओढलंत. मग म्हणालात, त्या एका अंड्याचं वजन मादीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं असतं. अशी दोन, कधी तीन. मी माझ्या बायकोचा विचार केला.

तुम्हाला काय शोधायचं होतं ते मला शास्त्राच्या भाषेत आजही सांगता येणार नाही, पण तुम्ही मला जसं सांगितलंत तसं लख्ख आठवतं. पक्ष्याच्या अंगात एक स्टोव्ह आहे, तुम्ही म्हणालात. नुसतं जगायचं तर तो मंद जळला तरी चालतो. पण अंडी घालायची, ती उन्हात जपायची, पिल्लांना दिवसभर मासे आणायचे, तर वात वर करावी लागते आणि रॉकेल भराभर संपतं. ते किती संपतं, आणि त्यातलं पिल्लाच्या अंगी किती लागतं, हे मला बघायचंय. नर आधी मादीला मासा आणून भरवत असे, बोटाच्या पेराएवढा. दुपारी ऊन असं की बांधावर हात टेकवत नसे. तेव्हा मादी उठून पाण्यावर जाई, पोटाची पिसं भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. पुन्हा उठे, पुन्हा भिजवून येई. तुम्ही चादरीच्या आडोशाला बसून कोणत्या घरट्याला किती मासे आले, केवढे आले, ते लिहून घेत होता. मोठ्या पक्ष्यांचं वजन तुम्ही करत होता. पिल्लांचं माझ्याकडे होतं. कापडी पिशवीत पिल्लू, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला, काटा बघायचा, पिशवीचं वजन वजा करायचं, वहीत लिहायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

पिल्लं ओळखता यावीत म्हणून त्यांच्या नखांना आपण नेलपॉलिशचे ठिपके लावत होतो. ती बाटली एकदा माझ्या शर्टाच्या खिशात राहिली आणि बायकोच्या हाती लागली. ती नुकतीच गावाहून आली होती. "खंयच्या बायलेचा ह्या?" तिने विचारलं. मी म्हटलं, पाखरांच्या पिल्लांसाठी आहे. "पिल्लां नखां रंगवतत? तुमी माका येडी समाजतास?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही बांधावर बसून डोळे पुसेपर्यंत हसलात. पण ती गावाहून का आली होती, ते तुम्हाला उशिरा कळलं.

आमचं पहिलं मूल, मुलगा, आदल्या वर्षी गावी झाला होता. नर्सबाई घरी आली. पडवीतल्या वाशाला तिने काटा टांगला, काट्याला झोळी, झोळीत आमचा मुलगा. अर्धी वाडी जमलेली. तिने मोठ्याने सांगितलं की चांगला साडेतीन किलो आहे हो. त्याला नवव्या दिवशी ताप भरला आणि अकराव्या दिवशी तो गेला. तापाचं नाव माझ्या आईने कधी घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, "काट्यार घातल्यानी, म्हणान गेलो." आमच्याकडे भरलेल्या गोष्टीचा पुरा आकडा कुणी सांगत नाही. माडाचे सात नारळ पडले तर सहा म्हणायचं. मूल बाळसेदार असलं तर म्हणायचं, कसलं काय, वाळलाय. मी चार बुकं शिकलो होतो, नजर लागून कुणी मरत नाही हे मला कळत होतं. पण मुलगा माझा गेला होता, बाई.

पहिलं पिल्लू मी काट्याला लावलं आणि पिशवीत त्याचे पाय हलताना दिसले. मी खरं वजन लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिल्लू नव्हतं. कावळ्याने नेलं असेल, घारीने नेलं असेल, तिथे कावळे थोडे होते का? पण त्या दिवसापासून मी कमी लिहायला लागलो. अंगावर नुसती लव असलेल्या पिल्लाचं एका ग्रॅमने कमी. पोट भरून गोल झालं की दोनने. पंख फुटून उडायला आलेलं, हातात धरलं की जड लागणारं, सगळ्यांत देखणं जे, त्याचं तीनने, कधी चारने. जितकं गुटगुटीत तितकं जास्त कमी. तुम्हाला फसवायचं माझ्या मनात नव्हतं. तुमचं काय बिघडेल हे मला समजलंच नाही. मला वाटे, ती लहानशी वही कोण बघणार आहे; आणि ज्याने बघायला नको, त्याने बघू नये एवढ्यासाठीच तर हे.

एवढ्यावरही मी थांबलो नाही. घरून कागदाच्या पुडीत मोहरी नेत असे. मीठ तर तिथेच होतं, देवाने ढिगांनी ठेवलेलं. वजन झालं की चिमूटभर मीठ आणि मोहरी पिल्लावरून उतरवायची आणि पाण्यात टाकायची. एक दिवस वाऱ्याने मोहरी खळग्यात उडाली आणि तुम्हाला दिसली. तुम्ही ओणवून दाणे तळहातावर घेतलेत. "मोहरी? इथं फोडणी कोण घालतंय?" मागून एक आगरी बाई मीठ ओढता ओढता म्हणाली, "तुमचा मानूस पाखरांची दिष्ट काढतंय, बाय. रोज काढतंय." आणि सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. तेव्हा मी तुम्हाला मुलाचं सांगितलं. झोळीचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, दृष्ट काढायची तर काढा. पण आवाज बदलला आणि तुम्ही मला जन्मात एकदाच रागावलात. "माझ्या घरट्यांपाशी मला न सांगता काहीही करायचं नाही. काहीही. कळलं का?" मी हो म्हटलं. वह्यांचं तेव्हाच सांगायला हवं होतं. अर्धं सांगून झालंच होतं. पण इतकं ओरडून घेतल्यावर आणखी ओरडून घ्यायची ताकद माझ्यात नव्हती, आणि संध्याकाळी पुन्हा काटा हातात आला तेव्हा मी पुन्हा दोनने कमी लिहिलं.

त्याच दिवशी परतताना तुम्ही मला ते टाकलेलं घरटं दाखवलंत. दोन अंडी उन्हात पडलेली, आईबाप दोघंही नाहीत. मी म्हटलं, कसली आई ही. तुम्ही म्हणालात, असं म्हणू नका. खाडीत या आठवड्यात मासा नाही. हा पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतो. स्वतःच्या अंगचं सगळं जाळून एकच पिल्लू वाढवलं आणि आपण मेला, तर पुढची सगळी पिल्लं गेली. म्हणून तो यंदाचं सोडतो आणि स्वतःला राखतो. पुढे थोडं चालून तुम्ही सहज बोलल्यासारखं म्हणालात, "बायकोला जपा. पुढच्या वर्षी होईल." मी घरी येऊन ते बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवली. आमची लेक पुढच्या वर्षी जुलैत झाली.

तुम्ही तिच्यासाठी झबलं शिवून आणलंत, पिवळं, पाठीला दोन नाड्यांचं. खोलीत पंखा नव्हता, तुम्ही पदराने वारा घेत बसला होता. शेजारणी विचारत होत्या किती भरली, किती भरली. तुम्ही झबलं माझ्या बायकोच्या हातात दिलंत आणि म्हणालात, मी वजन विचारणार नाही हं.

मग दुसऱ्या हंगामाचीही सगळी वजनं तुम्ही मांडलीत, आणि ती जुळेनात. तुम्ही दुपारभर प्रयोगशाळेत बसलेल्या असायच्या, चहा गार व्हायचा. मी एकदा विचारलं, काय झालं. तुम्ही मला समजावून सांगितलंत, कारण तुम्ही मला सगळं समजावून सांगत होता. आईबाप इतके मासे आणतात. तेवढ्या माशांवर पिल्लू एवढं वाढायला हवं. तेवढं वाढत नाही. मग ते रॉकेल जातं कुठे? तुमचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, बाई, मासे तुम्ही जास्त मोजलेत, उन्हात बसून माणसाला होतं असं. तुम्ही ते हसून सांगितलंत, पण तुमच्या हातातली पेन्सिल टेबलावर एकसारखी आपटत होती. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मला झोपेतही ऐकू येतं. "चूक माझ्या मोजण्यातच असणार. तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास आहे. तुम्ही फार काळजीने करता."

मी ट्रे उचलले आणि धुवायला गेलो. नळ सोडून किती वेळ उभा होतो कोण जाणे. माझी कायम होण्याची ऑर्डर त्याच महिन्यात यायची होती. घरी तीन महिन्यांची मुलगी. वजनं खोटी लिहिली हे बाहेर पडलं असतं तर मला कुणी ठेवलं नसतं. एवढं मला समजत होतं. तुमची किती वर्षं त्यात आहेत, तेही तोवर समजलं होतं. दोन्ही समजून मी नळ बंद केला.

एप्रिलात तुम्ही एकट्याच मिठागरात गेलात, पुन्हा मासे मोजायला. मला नेलं नाहीत, म्हणालात, तुमचं काम झालंय, चूक माझी आहे तर मीच बघते. तीन आठवडे गेलात. डोळ्यांना ऊन लागून ते लाल झाले होते. आणि आकडा तोच आला, कारण तो येणारच होता. त्यानंतर तुम्ही त्या विषयावर बोलायच्या बंद झालात.

घाटकोपरला तुमच्या घरी मी सांगायलाच आलो होतो, तो गणपतीनंतरचा रविवार. माझी ऑर्डर येऊन बरेच महिने झाले होते. देवापुढे नारळ ठेवून, सगळं बोलायचं ठरवून निघालो होतो. तुमच्या आई आतल्या खोलीत पडून होत्या, मधूनच तुम्हाला हाक मारत होत्या. तुम्ही मला स्वयंपाकघरातच बोलावलंत, स्टुलावर बसवलंत आणि चहा टाकलात. मांडणीवरचे डबे तुम्ही त्या दिवशी खाली काढले होते. फळ्या पुसून त्यांवर नवे कागद घालणं चाललं होतं. मी बघितलं तर तुमच्या प्रबंधाचे टाइप केलेले कागद. एकावर कोष्टक होतं. डाव्या बाजूला घरट्याचा नंबर, उजवीकडे माझी वजनं. मी बघतो आहे हे तुम्ही पाहिलंत. "कागद चांगला जाड आहे," तुम्ही म्हणालात, "वाया कशाला घालवायचा?" आणि त्या कोष्टकावर तूरडाळीचा डबा ठेवलात. थोड्या वेळाने गॅसकडे तोंड करून म्हणालात, यंदाचं घरटं गेलं. मी चहा प्यायलो. तुमच्या आईंना उठवून बसवायला हात लावला. आणि न सांगता परत आलो. पुढच्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं, त्या गेल्यावर तुमचं स्वतःचं सुरू झालं. दुसरं घरटं तुम्ही बांधलंच नाही.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात हॉस्पिटलात मी दर एक दिवसाआड यायचो. त्या सकाळी तुमचं वजन करायचं होतं. नर्सला कुणीतरी बोलावलं म्हणून ती मला म्हणाली, दादा, यांना जरा काट्यावर उभं करा, मी आलेच. मी तुम्हाला खांद्याला धरून उभं केलं. सुरय हातात धरायची तशी, दाबायची नाही आणि सुटूही द्यायची नाही. तुमचा चष्मा उशाशी होता. "किती?" तुम्ही विचारलंत. काटा छत्तिसावर होता. मी म्हटलं, अडतीस. तुम्ही मान वळवलीत, काट्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. आणि अगदी हळू, थट्टा केल्यासारखं म्हणालात, "अहो, पिल्लांचं कमी, नि माझं जास्त?"

नर्स आली. तिने खरा आकडा लिहिला. तुमची बहीण आली, मला शहाळं आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा तुमचा डोळा लागला होता. त्यानंतर तुम्ही कुणाशी नीट बोलला नाहीत, आणि पाचव्या दिवशी गेलात.

मासे तुम्ही बरोबर मोजले होते, बाई. एकही जास्त मोजला नव्हता. लव असेपर्यंत एक, पोट गोल झालं की दोन, उडायला आलं की तीन, चार. एवढं मिळवलं असतं तर सगळं जुळलं असतं. पण हे सांगायला मी आज बसलेलो नाही, कारण हे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. मोहरीच्या दिवशी कळलं का? तीन आठवडे एकट्या मोजून आल्यावर? डब्यांखाली कागद घालत होता तेव्हा? तुम्ही सरांना एक वाक्य बोलला असता, की शिपायाने वजनं चुकीची लिहिली, तर प्रबंध वाचला असता आणि माझं घर गेलं असतं. तुम्ही ते वाक्य माहीत असून बोलला नाहीत का? वीस वर्षं मी एवढंच उलटसुलट करतो आहे.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी रोज सकाळी दिवा लावून, एकट्याने, मनातल्या मनात एक गाऱ्हाणं घालतो. मागतो ते असं, की माझ्या बाईंना ते त्या काट्यावर उभ्या असतानाच कळलेलं असू दे, त्याच्या आधी नको. म्हणजे तुम्ही त्या सकाळपर्यंत स्वतःचीच चूक समजत राहिलात, असं मी देवाकडे मागतो. दुसरं, तुम्ही माहीत असून माझं घर राखलंत हे, मला सोसत नाही. आणि हे गाऱ्हाणं मी घरातल्या कुणाला कधी ऐकू जाऊ दिलेलं नाही, कारण त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?